विद्याधरपंतांची तालीम

विद्याधरपंत खांबेटे आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. एखादा सराईत थापाड्या "ऑफिसात काम निघालं" म्हणून मोकळा झाला असता. हे पडले सत्यवचनी. बायकोने "हल्ली संध्याकाळी जाता तरी कुठे?" असं विचारल्यावर त्यांनी वहाणा चढवता चढवता जे होतं तेच सांगितलं. म्हणाले, "तालमीला."

आता ही तालीम नाटकाची होती आणि विमलाबाईंना ती कुस्तीची वाटली. यात विद्याधरपंतांचा दोष किती आणि मराठी भाषेचा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण वाटल्यावर "तसली नव्हे गं" असं म्हणायला यांना तोंड होतं की नाही? होतं. ते त्यांनी उघडलं नाही, कारण नाटक हा शब्द त्या घरात काढायची सोय नव्हती. विमलाबाई सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील देवगडहून एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघून गेले ते परत आले नाहीत. त्यांच्याबरोबर आईचं ठेवणीतलं हिरवं लुगडंही गेलं. ते त्यांनी कुठल्या सटवीला दिलं असेल, हा एकच प्रश्न विचारत आई म्हातारी झाली आणि तो विचारतच वारली. म्हणून लग्नाची बोलणी चालू असताना विमलाबाईंनी मुलाबद्दल एकच चौकशी केली होती, नाटकाचा नाद नाही ना? नाही म्हटल्यावर त्या बोहल्यावर उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्यांनी नवऱ्यावर कधी संशय घेतला नव्हता. घरात ते खातं नवऱ्याकडे होतं.

होतं म्हणजे काय, विद्याधरपंतांना त्याचा पगार मिळायचा. फोर्टमधल्या एका आग-विम्याच्या कंपनीत ते दावे तपासत. कुणाचं गोदाम जळालं की हे राखेत काठी घालून ढवळायचे आणि विचारायचे, "पुरावा?" ही सवय ऑफिसात ठेवून घरी यावं, तर तेही नाही. नळ गेलाय म्हटलं तर सोडून बघणार. मेथीची जुडी उलटी करून झटकणार. एकदा सासरहून आलेल्या पेटीतला आंबा हापूसच कशावरून, असं त्यांनी मेव्हण्याला विचारलं होतं. तेव्हापासून देवगडची पेटी यायची बंद झाली.

तर त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, कंपनीत मद्रासकडचे नवे मॅनेजर आले. हेडक्लार्कच्या जागेची गोष्ट निघाली तेव्हा ते विद्याधरपंतांना तोंडावर म्हणाले, "खांबेटे, युवर कम्युनिकेशन इज पुअर." विद्याधरपंतांनी घरी येऊन कोश उघडला. कम्युनिकेशन म्हणजे दळणवळण. ते चक्रावूनच गेले. घाटकोपर ते बोरीबंदर त्यांचं दळणवळण वीस वर्षं बिनचूक चाललं होतं, एक लेटमार्क नव्हता. (ती बढती पुढे दुसऱ्याच कुणाला मिळाली. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे उगाच जीव तिथे अडकायला नको.)

आठवड्याभरात एका जळिताच्या तपासणीसाठी ते मुलुंडला गेले, तर समोरच्या लाकडाच्या वखारीवर पाटी : संध्याकाळचे कॉलेज. दळणवळण व नाट्य. नोकरदारांची खास सोय. विद्याधरपंतांनी पाटी तीनदा वाचली. त्यातला "नाट्य" हा शब्द त्यांना खटकला. पण पोस्टातल्या फॉर्मवरसुद्धा "नको ते खोडा" असतं, तसं इथेही असेल, अशी त्यांनी समजूत घातली आणि ते जिना चढले.

कॉलेज म्हणजे दोन खोल्या आणि सगळीकडे भुसा. चालवणारे प्रोफेसर चंद्रप्रकाश अमेरिकेत शिकून आलेले, खादीचा बुशकोट घालणारे, हात हलवल्याशिवाय एक वाक्य न बोलणारे. सोमवारी दळणवळण आणि उरलेले सगळे दिवस नाट्य, अशी त्यांची वाटणी होती. खोडायची सोय नव्हती. पहिल्या सोमवारी त्यांनी फळ्यावर डावीकडे एक माणूस काढला, उजवीकडे एक माणूस काढला आणि मध्ये नुसत्या रेघोट्या मारल्या.

"हा सांगणारा, हा ऐकणारा, आणि मधे गोंगाट," प्रोफेसर म्हणाले. "हा पाठवतो एक आणि त्याला पोचतं भलतंच."

"पुरावा?" विद्याधरपंतांनी मागच्या बाकावरून विचारलं.

"घरी जा आणि काहीही एक खरी गोष्ट सांगा," प्रोफेसर म्हणाले. "पुरावा तुमच्याकडे चालत येईल."

तो पुरावा जिन्यातच उभा होता. विद्याधरपंत तालमीला जातात ही बातमी घाटकोपरला ते राहत त्या नीळकंठ निवासाच्या दोन्ही मजल्यांवर एका संध्याकाळीत पोचली होती. खालच्या मजल्यावरचे दशरथ परब एकेकाळी मालवणात कुस्त्या मारलेले. गिरणी सुटल्यावर आता एका गॅरेजात होते. त्यांनी विद्याधरपंतांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिथे पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"खांबेटेनु, खंयच्या तालमीत जातास?"

"मुलुंडच्या."

"वस्ताद कोण?"

"चंद्रप्रकाश म्हणून आहेत."

"उत्तरेकडचो दिसता. काय शिकवता?"

विद्याधरपंतांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "सध्या उभं कसं राहायचं ते शिकवतायत."

"बरोबर हा," दशरथ म्हणाले. "आधी पाय, मगे हात." आणि त्यांनी शाबासकी म्हणून हात मिळवला. पुढचे तीन दिवस विद्याधरपंतांना टाक धरता आला नाही. "पकड कच्ची आसा," दशरथनी विमलाबाईंना जाता जाता सांगितलं, "बदाम वाढवा."

विमलाबाईंनी बदाम वाढवले. खरं सांगायचं तर त्या मनातून खूष होत्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याला तब्येतीची आठवण झाली, ही काय वाईट गोष्ट आहे? रोज सकाळी भिजवलेले बदाम वाटून दुधाचा पेला समोर यायला लागला. विद्याधरपंत तो मान खाली घालून प्यायचे. दूध गळ्याखाली उतरायचं, पण मन खात राहायचं. एकदा सर्टिफिकेट हातात आलं की हिला सगळं सांगून टाकायचं, असं ते रोज ठरवायचे. प्रयोगात काम केल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नव्हतं, आणि प्रयोग नागपंचमीच्या संध्याकाळी होता.

प्रयोग म्हणजे प्रोफेसरांनीच लिहिलेला एक छोटा अंक. त्यात एक संशयी बायको आणि उशिरा घरी येणारा नवरा. बायकोचं काम वर्गातली एकुलती एक मुलगी, माणिक, करायची. तालीम रंगात आली आणि माणिकचं लग्न ठरलं. प्रोफेसरांनी वर्गावरून नजर फिरवली. ज्या माणसाला मिशी नाही आणि उंची बेताची, तिथे ती येऊन थांबली.

"सर, मी संसारी माणूस आहे," विद्याधरपंत म्हणाले.

"म्हणूनच," प्रोफेसर म्हणाले.

पुढचा अपमान याहून मोठा होता. दोन दिवसांच्या तालमीनंतर प्रोफेसर कपाळाला हात लावून म्हणाले, "खांबेटे, तुमच्या चेहऱ्यावर संशय दिसतच नाही." वीस वर्षं ज्यावर मीठभाकरी चालली, त्यातच नापास? विद्याधरपंतांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. "तुम्ही संशय घेता," प्रोफेसर म्हणाले, "तो दाखवत नाही. घेणं वेगळं आणि पोचवणं वेगळं." मॅनेजरही दुसरं काय म्हणाला होता?

इकडे दशरथनी नागपंचमीच्या कुस्त्यांत परस्पर विद्याधरपंतांचं नाव दिलं. हलक्या वजनात, म्हणाले, कुणी पोरगं असेल, झोपवा त्याला. "त्या दिवशी जमणार नाही," ते म्हणाले, "आमच्याच तालमीचा प्रयोग आहे."

"तालमीत प्रयोग खंयसून इलो?" दशरथ म्हणाले, आणि जिन्यात बराच वेळ विचार करत उभे राहिले. त्या घरात संशयाचं पहिलं बी तिथे पडलं.

दुसरं पडलं शर्टाच्या कॉलरवर. तालमीत रंगभूषा करून पाहिली होती, तिचा लाल डाग राहिला. आधी विमलाबाईंना काहीच वाटलं नाही. आखाड्यात तांबडी माती असते, ती लागणारच. त्यांनी साबण लावला, चोळला, आणि मग सहज शर्ट नाकाशी नेला.

"अहो," त्या मोरीतून म्हणाल्या, "तुमच्या तालमीतल्या मातीला गुलाबाचा वास येतो?"

"येतो खरा," सत्यवचनी विद्याधरपंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुधात बदाम नव्हते.

मग परवान्याचं निघालं. नाटकाचा प्रयोग करायचा तर पोलिसांचा परवाना हवा, आणि कागदपत्रं तपासण्यात मुरलेला माणूस म्हणून प्रोफेसरांनी ते काम विद्याधरपंतांवर टाकलं. चौकीतल्या हवालदाराने संहिता हातात घेतली आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. कुठे चार माणसं जमली तरी सरकारचा जीव वरखाली व्हायचा. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. तिथे बायको म्हणते, "मी वेगळी राहीन, पण मुंबई सोडणार नाही. मुंबई माझीच आहे."

"मुंबई कोणाला पाहिजे?" हवालदाराने विचारलं.

"बायकोला. म्हणजे मुंबईची खोली. खोलीवरून भांडण आहे."

"बायको म्हणजे कोण?"

"मीच."

हवालदाराने संहिता मिटली. मग तो म्हणाला, "पुरावा?"

हा शब्द समोरून आला की कसा लागतो, ते विद्याधरपंतांना त्या दिवशी कळलं. त्यांना चौकीतल्या बाकावर दोन तास बसवून ठेवलं, वरच्या साहेबांना विचारलं, आणि शेवटी मुंबई खोडून तिथे "खोली" लिहिल्यावर परवान्याचा शिक्का पडला. घाम पुसत ते बाहेर आले, तर समोरच्या दुकानात एक बाई खोबरं घेत होती. ती निघाली दशरथांच्या बायकोची, वनमालावहिनींची, मुलुंडची बहीण. विद्याधरपंत घाटकोपरला पोचायच्या आत बातमी पोचली होती की खांबेट्यांना पोलिसांनी बसवून ठेवलं होतं.

मग काय, अख्ख्या बिल्डिंगला जोर चढला. कुणी म्हणालं दारूबंदीची भानगड असणार, कांजूरच्या खाडीकडे हातभट्ट्या थोड्या का आहेत. कुणी म्हणालं दारूला गुलाबाचा वास नसतो, हे दुसरंच काहीतरी आहे. शेवटी दशरथ स्वतः एका रविवारी मुलुंडला जाऊन आले आणि विमलाबाईंच्या दारात उभे राहून, उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "वहिनीनु, मुलुंडात दोनच तालमी आसत. दोनय वस्तादांका इचारलंय. खांबेटे म्हणान कोण येणा नाय."

विमलाबाईंनी दार लोटलं आणि पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली. का ओढली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ट्रंकेत लग्नातलं मोतिया लुगडं नव्हतं.

ते विद्याधरपंतांनी दोन दिवसांपूर्वी ऑफिसच्या पिशवीत घालून नेलं होतं. कॉलेजकडे कपडेपट म्हणावा असा एक तुटका मुकुट होता, बाकी ज्याचं त्याने आणायचं. वापरात नसलेली वस्तू नेली तर नुकसान होत नाही, असं विम्याच्या हिशेबाने त्यांनी मनाचं समाधान केलं होतं. दुसरं कुठलं लुगडं कुठे गेलं होतं, ते त्या घाईत त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्या संध्याकाळी विमलाबाईंनी नवऱ्याला काहीही विचारलं नाही. त्यांनी ताट वाढलं, समोर ठेवलं, आणि पाण्याचं भांडं ठेवताना ते जमिनीला टेकायच्या आधी एक क्षण थांबवलं. शर्ट खुंटीवर लावताना नाकाशी नेला. मग पाठ करून बसल्या आणि चुलीशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मीठ हवं असेल तर आहे."

आणि विद्याधरपंतांचं काय झालं असेल? लाज वाटली, भीती वाटली, हे सगळं झालंच. पण त्याच्याही आधी ते चकित झाले. हेच तर प्रोफेसर मागत होते. शब्द एक नाही आणि सगळं पोचतंय. त्यांनी भांडं उचललं, पुन्हा खाली ठेवून पाहिलं, थांबवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तालमीत प्रोफेसर उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यानंतर विद्याधरपंत घरी जेवायला बसत ते शिकायलाच. घर जळत होतं आणि आग-विम्याचा तपासनीस धुराचं निरीक्षण करत बसला होता.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी विमलाबाई म्हणाल्या, "परवा भाऊ न्यायला येतोय. मी देवगडला जाते."

"परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"बघू."

त्या "बघू"वर विद्याधरपंतांनी हातातला घास परत ताटात ठेवला. सांगावं, आत्ताच सांगावं, असं जिभेच्या टोकाशी आलं. पण सांगणार काय? की बाईबिई काही नाही, नुसतं नाटक आहे? या घरात त्याहून बाई परवडली असती.

नागपंचमीला ते पिशवी घेऊन निघाले आणि त्यांच्या मागोमाग तिघं निघाली. विमलाबाई, वनमालावहिनी आणि हलक्या वजनाच्या कुस्त्या सोडून आलेले दशरथ. मुलुंडच्या वखारीपाशी माणसं वर जाताना दिसली. तिघं जिना चढली आणि शेवटच्या रांगेमागे उभी राहिली. समोर पडदा, बत्त्या, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असलेली एक बाई.

"वनमालावहिनी," विमलाबाई हळू म्हणाल्या, "ते लुगडं माझं."

"नक्की?" दशरथ म्हणाले. "थांबा, आधी तिचां तोंड बघूया."

विमलाबाई थांबल्या नाहीत. तीस वर्षांचं हिरवं लुगडं आणि वीस वर्षांचं मोतिया लुगडं, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर एक झाली होती. आज त्या बाईला धरायचंच, असं ठरवून त्या मधल्या वाटेने चालत पुढे गेल्या. रंगमंच म्हणजे चार फळ्या, चढायला त्रास नव्हता. बाईने पाण्याचं भांडं खाली ठेवलं, टेकायच्या आधी एक क्षण थांबवून. खुंटीवरचा शर्ट काढून नाकाशी नेला. विमलाबाईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं, केलं होतं.

बाई वळली. गालाला लाली, कपाळाला आडवं कुंकू, नाकाशी शर्ट, आणि त्यामागे विद्याधरपंत खांबेटे.

विंगेतून कुणीतरी वाक्य सांगत होतं. आता बायकोने नवऱ्याला विचारायचं होतं, कुठे होतात इतका वेळ? ते वाक्य विमलाबाईंनीच म्हटलं.

"कुठे होतात इतके दिवस?"

विद्याधरपंत आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. ते म्हणाले, "तालमीला."

वखार हसून हसून हलली. लोकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. त्या हशातून मागून दशरथांचा आवाज आला, "हीच काय ती तालीम?" आणि दुसरा हशा झाला. त्याच गडबडीत विद्याधरपंतांचा कासोटा सुटला. ते दोन्ही हातांनी लुगडं धरून उभे राहिले. चौकीतसुद्धा त्यांना इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

विमलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या त्यांच्या मागे गेल्या, कासोटा घट्ट खोचला, निऱ्या सारख्या केल्या, पदर खांद्यावरून नीट घेतला. "पुढचं चालू द्या," त्या म्हणाल्या, आणि खाली येऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नाटक पाहिलं. शेवटाकडे तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या की आणखी काही, ते वरून विद्याधरपंतांना दिसलं नाही.

परत येताना दोघं पुढे चालत होती. दशरथ आणि वनमालावहिनी मुद्दाम मागे राहिली. घराच्या वळणावर विमलाबाईंनी विचारलं, "नाटकात बायकांची कामं पुरुष करायचे ना, पूर्वी?"

"सगळी तेच करायचे. बायका नसायच्याच."

"आणि लुगडी कुठून आणायचे?"

विद्याधरपंत चालायचे थांबले. त्यांना आत्ता कुठे दिसलं की ही कुठल्या लुगड्याबद्दल बोलतेय. "लहान कंपनीत ज्याचं त्याने आणायचं," ते म्हणाले. "घरून."

घरी आल्यावर विमलाबाईंनी मोतिया लुगड्यावरची लाली ओल्या फडक्याने पुसली, घडी घातली आणि ते ट्रंकेत ठेवलं. भावाला उद्या जेवायला घालून परत पाठवायचं, एवढं त्या आपल्याशीच बोलल्या. विद्याधरपंत दाराशी उभे होते. माफी मागावी तर शब्द सापडेना. दळणवळणाचा एकही सोमवार त्यांच्या कामी आला नाही.

विमलाबाईंनी ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला न खोचता खुंटीवर अडकवली.

"पुढच्या वेळी मागून न्या," त्या म्हणाल्या. "मागितलं असतं तर मी दिलं असतं." मग खुंटीकडे बघत म्हणाल्या, "आईनेही दिलं असतं."

विद्याधरपंतांनी पुरावा मागितला नाही.